फुलं दिसतात, दगड दिसत नाही : कास पठाराचं प्रकरण

मे महिन्यात कासला गेलात तर कुणीतरी आपल्याला फसवलंय असंच वाटेल. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पश्चिमेला साधारण पंचवीस किलोमीटर गेलं की समोर येतो तो उघडाबोडका कातळ. काळपट तांबडा, तापलेला, जागोजागी भोकं पडलेला जांभा, त्यावर करपलेलं गवत आणि वाऱ्याने वाकवलेली चार खुरटी झुडपं. ज्याचे फोटो बघून आपण आलो ते पठार हेच का, अशी शंका यावी इतकं सगळं ओसाड. माझं विचाराल तर कास पहिल्यांदा बघावं ते याच दिवसांत. सप्टेंबरात फुलं येतात आणि दगड झाकला जातो. मग पर्यटक येतो तो फुलं बघायला, पाट्या लागतात त्या फुलांबद्दल आणि वाद होतात तेही यंदा फुलं कमी झाली की वाढली यावरच. पण कासवर जे बिघडलं आणि जे सावरलं, त्याचं मूळ शोधत गेलं की आपण त्या दगडापाशीच येऊन थांबतो.

कासचंच प्रकरण घेण्याचं कारण सरळ आहे. संरक्षित डोंगरी भागात पर्यटन आटोक्यात ठेवायचे जेवढे म्हणून उपाय आपल्याकडे सुचतात, ते जवळजवळ सगळे इथे करून झालेत : कुंपण, तिकीट, रोजची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, गावांची समिती, मार्गदर्शक, पाट्या. त्यातले काही लागू पडले, काही अंगाशी आले. एकाच जागी इतकं सगळं बघायला क्वचित मिळतं.

जागा कशी आहे

कास समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे. सह्याद्रीचा मूळ दगड बेसाल्ट. लक्षावधी वर्षांच्या पावसाने त्यातलं विरघळण्याजोगं सगळं वाहून नेलं आणि लोह नि ॲल्युमिनियमची एक कडक टोपी डोंगरमाथ्यावर उरली. तोच जांभा. कोकणात अशा माळाला सडा म्हणतात, घाटावर नुसतं पठार. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो आणि बाकीचे महिने हा कातळ उन्हात भाजत पडतो. माती म्हणाल तर कुठे बोटभर, एखाद्या खळग्यात साठली असेल तर वीतभर आणि पुष्कळ ठिकाणी अजिबात नाही. एवढ्याशा मातीत मोठं झाड तग धरत नाही. झाड नाही म्हणून सावली नाही, आणि सावली नाही म्हणून बुटक्या, उजेडाला हपापलेल्या वनस्पतींचं फावतं.

आता वाकून बघा. उभ्याने बघितलं तर सगळं पठार एकसारखं वाटतं, पण गुडघ्यावर बसलं की दोन पावलांच्या अंतरात गाव बदलल्यासारखं होतं. कातळातल्या खळग्यात पाणी साचतं, तिथे वायतुरा असतो. त्याचा कंद चिखलात दडलेला आणि वर गुलाबी-जांभळे दुहेरी तुरे. याला शास्त्रीय नाव मिळालं तेच मुळी १९८० च्या दशकात, आणि त्या नावात सातारा आहे, कारण सह्याद्रीतल्या अशा मोजक्या पठारांपलीकडे तो कुठे उगवत नाही. खळग्याच्या काठावर माती पातळ पण सतत ओली, तिथे गेंदाची पांढरी बोंडं आणि त्यांच्यात सीतेची आसवे. नाव कितीही करुण असलं तरी ही वनस्पती शिकारी आहे. तिच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. शेजारीच दवबिंदू, त्याच्या पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटं अडकतात. या दोघींना मांसाहाराची हौस आलेली नाही. कातळावरच्या धुऊन निघालेल्या मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणून त्यांनी ते किड्यांकडून घ्यायची सोय केली. माती जरा जाड झाली की तेरडा, कवला, सोनकी. भेगांतून आणि उतारांवरच्या गवतातून कंदीलपुष्प. पठाराच्या कडेने टोपली कारवी, जी सात-आठ वर्षं नुसती हिरवी राहते, मग एकाच वर्षी सगळीकडे मिळून फुलते, बी टाकते आणि मरते.

पठारावर ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे असं सांगितलं जातं. हा आकडा प्रत्येक बातमीत येतो आणि तो वाचून लोकांना वाटतं की एकाच दिवशी साडेआठशे रंग दिसतील. त्यात गवतं आली, कडेच्या जंगलातली झाडं आली, बोटाच्या पेराएवढ्या वनस्पती आल्या. जुलैत चवर आणि आमऱ्या, ऑगस्टात वायतुरा नि गेंद, सप्टेंबरात तेरडा नि सीतेची आसवे, पुढे कवला आणि सोनकीचा पिवळा रंग, अशी ही रांग महिनोन्महिने पुढे सरकत असते. पाऊस आठवडाभर मागे-पुढे झाला की रांगही हलते. ही एक साधी गोष्ट पर्यटकाला आधी कळत नाही आणि तिथूनच पुष्कळसं बिनसतं. ते पुढे येईलच.

गर्दी का आली आणि का थांबली नाही

वनस्पतीशास्त्राच्या लोकांना कास आधीपासून माहीत होतं. सातारकरांना ते आपलं पाणी म्हणून माहीत होतं, कारण पठाराशेजारचा कास तलाव ब्रिटिश काळापासून शहराला पाणी पुरवतो. बाकीच्यांना कास कळलं ते वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांतून, आणि मग मोबाइलमधून. १ जुलै २०१२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या बैठकीत युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली. त्यांत महाराष्ट्रातली चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान ही दाट जंगलाची विस्तीर्ण क्षेत्रं. त्यांच्या शेजारी कासचा वारसा-तुकडा जेमतेम साडेअकरा चौरस किलोमीटरचा. शिक्का मात्र तोच, आणि तिथवर पोहोचणं कितीतरी सोपं.

इथे एक भूगोलाची अडचण आहे, जी मला कळीची वाटते. बहुतेक डोंगरी जागांना चढण हीच चाळणी असते. तीन तास चालल्याशिवाय जे दिसत नाही ते बघायला फारसं कुणी जात नाही, आणि जे जातात त्यांनी निदान घाम तरी गाळलेला असतो. कासला ही चाळणी नाही. साताऱ्याहून बामणोलीकडे जाणारा डांबरी रस्ता पठाराला मधोमध कापत जातो. गाडीचं दार उघडायचं आणि पाय टाकायचा तो थेट गेंदाच्या ताटव्यातच. पुण्याहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला माघारी साताऱ्यात येता येतं. त्यामुळे सप्टेंबरातले तीन-चार रविवार असे होऊ लागले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कातळावरच गाड्या उभ्या राहायच्या आणि पठारावर फुलांपेक्षा छत्र्यांचे रंग जास्त दिसायचे.

फुलं तोडणारे लोक त्यांत होतेच. पण खरं सांगायचं तर फूल तोडणं हा कासवरचा सगळ्यात मोठा अपराध नव्हता, आजही नाही. तेरड्याची दहा फुलं कुणी केसांत माळली तरी तेरडा मरत नाही. मरतो तो पायाखाली आणि चाकाखाली.

पावलाचा हिशेब

डोंगरमाळांवरच्या तुडवण्याचा अभ्यास जगभर झाला आहे आणि त्यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे. नुकसान पावलांच्या प्रमाणात सरळ वाढत जात नाही. पहिल्या थोड्याच पावलांत बहुतेक नुकसान होऊन जातं, मग आलेख सपाट होतो. जिथून शंभर माणसं गेली तिथून आणखी शंभर गेली तर फार फरक पडत नाही. जिथून कुणीच गेलं नव्हतं तिथून वीस गेली तर वाट पडते.

हे कळलं की गर्दीच्या जागी द्यायचा एक लोकप्रिय सल्ला उलटा पडतो. "एकाच वाटेने सगळे जाऊ नका, पांगून फिरा, म्हणजे भार विभागेल." क्वचितच कुणी फिरकणाऱ्या रानात हे ठीक आहे. रोज हजारो माणसं येणाऱ्या बोटभर मातीच्या कातळावर हा सल्ला म्हणजे सगळं पठार थोडं थोडं मारायचा मार्ग. इथे उलट हवं : सगळ्यांनी त्याच त्या वाटेवर, अगदी एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकून चालायचं.

कासचा दगड या हिशेबात आणखी भर घालतो. ओल्या पातळ मातीवर टाच दाबली की तिच्यातली हवेची पोकळी जाते, पाणी मुरेनासं होतं, वरून वाहू लागतं आणि जाताना मातीच घेऊन जातं. चाकाने पडलेली चाकोरी तर पाण्याला नवा ओहोळच काढून देते. मग शेजारच्या खळग्यात साचणारं पाणी खळग्यापर्यंत पोहोचत नाही, आणि वायतुऱ्याला कुणी बोटही न लावता त्याची जागा सुकते. ही माती परत तयार व्हायला किती काळ लागतो हे आपल्या आयुष्याच्या मापाने मोजण्यात अर्थ नाही.

आणि हे सगळं करणारा माणूस बहुतेक वेळा चांगला असतो. त्याला फुलं आवडतात म्हणून तर तो आला. त्याला फोटोत मागे फक्त फुलं हवी असतात, माणसं नकोत, म्हणून तो वाटेवरून दोन पावलं आत जातो. त्याच्या मागून येणाऱ्याला तिथे दोन पावलांची पुसट वाट दिसते. ती आहे म्हणजे चालत असणार, असं समजून तो त्या दोन पावलांवर आणखी तीन टाकतो. दुपारपर्यंत तिथे फोटो काढायची ठरलेली जागा तयार होते. यांतल्या एकानेही स्वतःला नियम मोडणारा समजलेलं नसतं.

काय काय केलं गेलं

जागतिक वारशाच्या सुमारास वनखात्याने आणि भोवतालच्या गावांनी मिळून व्यवस्था बसवायला घेतली. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या एकत्र आल्या आणि हंगामातलं रोजचं काम गावकऱ्यांच्या हाती आलं : तिकीट, वाहनतळ, वाटेवरची राखण, कचरा, मार्गदर्शक. पुढे ऑनलाइन नोंदणी आली आणि दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा ठरली. प्रवेशशुल्क अगदी किरकोळ होतं, ते वाढत वाढत शंभर रुपयांच्या पुढे गेलं. वाहनं पठारापासून दूर थांबवायची आणि तिथून लोकांना आत न्यायचं, अशीही सोय झाली.

यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो समितीचा भाग, आणि त्याचं कारण फक्त रोजगार नाही. शहरातून आलेल्या माणसाला सरकारी गणवेशातला रखवालदार एका पद्धतीने सांगतो आणि त्याच डोंगरावर जन्मलेली एखादी मावशी दुसऱ्या पद्धतीने. "दादा, तिकडं नका जाऊ, तिथं माती न्हाई, पाय घसरंल आन् कंद बी मरंल," असं कुणी म्हटलं की माणूस हसतो, पण मागे फिरतो. शिवाय हंगामाच्या सहा-आठ आठवड्यांत ज्यांच्या घरात या पठारामुळे पैसा येतो, त्यांना पठार पुढच्या वर्षीही तसंच हवं असतं. अर्थात यालाच दुसरी बाजू आहे. तिकिटावर चालणाऱ्या व्यवस्थेला रविवारी "आज पुरे, आता परत जा" म्हणणं जड जातं, विशेषतः समोरचा माणूस दोनशे किलोमीटर गाडी हाकून आला असेल आणि मागे बसलेली पोरं रडकुंडीला आली असतील तेव्हा. मर्यादा कागदावर ठरवणं सोपं असतं. ती पाळायचा खरा त्रास फाटकावरच्या माणसाला होतो, आणि त्याच्या पाठीशी कोण उभं आहे यावर ती टिकते.

३,००० हा आकडा आला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. १९६० च्या दशकात संरक्षित क्षेत्रांसाठी "वहनक्षमता" हा शब्द आला तेव्हा लोकांना वाटलं होतं की प्रत्येक जागेची एक जादूची संख्या काढता येईल. वीस वर्षांत अभ्यासकांनी प्रश्नच बदलला : किती माणसं चालतील हे बाजूला ठेवा, किती बदल आपण खपवून घेणार ते आधी ठरवा. वाटेवर चालणाऱ्या तीन हजारांपेक्षा वाट सोडणारे तीनशे जास्त महाग पडतात. कासवर रोजची माणसं मोजली जातात. रोज वाटा किती रुंद झाल्या हे मोजायला एक दोरी आणि दोन खुंट्या पुरतील.

कुंपणाचा धडा

आता त्या गोष्टीकडे येतो ज्यासाठी कासचं उदाहरण अभ्यासाला घ्यावं असं मला खरोखर वाटतं.

गर्दी आवरायला पठाराला जाळीचं कुंपण घालण्यात आलं. त्या वेळी ते पटण्यासारखंच होतं. गाड्या कातळावर जाईनात, माणसं फाटकातूनच आत येऊ लागली, आणि गुरंही आत शिरेनाशी झाली. ते तर उलट चांगलंच मानलं गेलं, कारण गुरं फुलं खातात हे कुणालाही दिसतं.

मग हळूहळू तक्रार सुरू झाली की गवत माजतंय आणि फुलं कमी होताहेत. भोवतालच्या गावांतली जुनी माणसं हे आधीपासून सांगत होती. पठारावर पिढ्यान्पिढ्या गुरं चरत आली होती. उंच वाढणारं गवत गुरं आधी खातात, त्यामुळे खालच्या बुटक्या वनस्पतींना उजेड मिळत राहतो. चराई थांबली की गवत उंच होतं, वाळून तिथेच पडतं, त्याचा थर साचतो, आणि बोटभर उंचीच्या सीतेच्या आसवांना वर यायला जागा राहत नाही. शिवाय जाळीमुळे रानातल्या जनावरांची ये-जाही अडली. कातळी पठारांवर काम करणाऱ्या अभ्यासकांनीही बजावलं होतं की हे माळ रिकामे पडलेले नाहीत, माणूस आणि गुरं यांच्या वापराबरोबरच ते असे झाले आहेत. बराच वाद झाला आणि काही वर्षांनी कुंपण काढण्यात आलं.

हे कासलाच घडलं असं नाही. उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली आणि तिथली उन्हाळी चराई बंद झाली. पुढे तिथे पॉलिगोनम नावाची उंच वाढणारी वनस्पती जागा बळकावू लागली आणि ती उपटायला दरवर्षी माणसं लावावी लागली. चराई बंद झाल्यानेच हे झालं का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कासच्या बाबतीतही सगळा दोष जाळीच्या माथी मारणं मला घाईचं वाटतं. पाऊस बदलतोय, आणि "पूर्वी जास्त फुलं होती" ही आठवण नेहमीच थोडी अधिक रंगीत असते. पण दोन्हीकडे चूक एकाच जातीची झाली. फुलं वाचवायची म्हणजे फुलांना हात लावणाऱ्या सगळ्यांना बाहेर काढायचं, असं धरलं गेलं. गाय आणि गाडी एकाच फाटकाबाहेर थांबली. गायीच्या खुराने होणारं आणि चाकाने होणारं नुकसान वेगळं आहे, गाय गवत खाते आणि गाडी काहीच खात नाही, हा फरक कुंपणाला कळत नव्हता.

कुंपण गेल्यावर जबाबदारी पुन्हा वाटेवर चालणाऱ्या माणसाच्या पायावर आली. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न : त्याला सांगायचं काय आणि कसं?

पाट्यांचं काय होतं

आपल्याकडच्या निसर्गस्थळांवरच्या पाट्यांचे दोन प्रकार असतात. एक आदेश : फुले तोडू नयेत, कचरा करू नये, हुकुमावरून. दुसरा काव्य : निसर्ग आपली माता आहे, तिचे रक्षण करा. पहिली पाटी कुणी वाचत नाही आणि दुसरी वाचून कुणाच्या पायाची दिशा बदलत नाही.

पाटीवर काय लिहिलं तर माणूस खरोखर वाट सोडत नाही, हे मोजून पाहिलेल्या जागा आहेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या पॅराडाईज नावाच्या उंच कुरणांत हुबेहूब कासचाच प्रश्न होता : फुलं बघायला आलेली माणसं वाट सोडून फुलांत शिरायची. तिथे वेगवेगळ्या मजकुराच्या पाट्या लावून, किती लोक वाट सोडतात ते लपून मोजलं गेलं. समजावणाऱ्या पाट्यांचा थोडा उपयोग झाला. दंड होऊ शकतो असं सांगणारी पाटी सगळ्यांत प्रभावी ठरली. त्याहून लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे गणवेशातला माणूस नुसता तिथे उभा असला तरी वाट सोडणाऱ्यांची संख्या स्पष्ट घटत होती.

दुसरा प्रयोग ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टचा. तिथे लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून न्यायचे. "आधी आलेल्या अनेकांनी तुकडे नेल्यामुळे या जागेचं रूप बदललं आहे," अशी खंत करणारी पाटी लावली, तेव्हा खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी ७.९२ टक्के गायब झाले. त्याऐवजी "कृपया तुकडे नेऊ नका" असं साधं सांगितलं, तेव्हा १.६७ टक्के. पहिल्या पाटीने लोकांना लाज वाटली नाही. सगळेच नेतात, हीच माहिती त्यांना मिळाली.

आता कासबद्दलच्या दर सप्टेंबरातल्या बातम्या आठवा. "पर्यटकांनी फुलं तुडवली", "हुल्लडबाजांचा पठारावर धिंगाणा", सोबत ताटव्यात लोळणाऱ्यांचा फोटो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याला अजून कासला जायचंय त्याला ती बातमी एवढंच सांगते की तिथे लोक ताटव्यात शिरतात. बहुतेक माणसं वाटेवरूनच चालली, ही बातमी होत नाही.

अपेक्षा हीच पहिली पाटी

माझ्या मते कासवरची जागरूकता फाटकावर सुरू होते तेव्हा उशीर झालेला असतो. माणूस घरून निघाला तो मोबाइलवर जांभळा गालिचा बघून. तो फोटो बहुधा एखाद्या चांगल्या वर्षातला, आठवडाभरच्या बहरातला, कॅमेरा जमिनीलगत धरून काढलेला. असा कोन धरला की विरळ फुलंही दाट दिसतात. प्रत्यक्षात समोर धुकं, भुरभुर पाऊस आणि हिरव्यात सांडल्यासारखे पांढरे ठिपके. मग सुरू होतं, "फुलंच नाहीत, पैसे फुकट गेले." आणि निराश झालेला माणूस गालिचा शोधत आत, आणखी आत जातो. ताटवा तुडवणाऱ्यांत हुल्लडबाजांपेक्षा हे हिरमुसलेले लोक जास्त असतात असं मी दर हंगामात पाहिलंय.

म्हणून नोंदणीचं पान ही खरी जागा आहे. तिथे पर्यटक बसलेला असतो, निवांत असतो, आणि पैसे भरायचे असल्याने वाचतही असतो. त्याला त्याच पानावर सांगता येईल : या आठवड्यात काय फुललंय, त्याची उंची किती (बहुतेकदा करंगळीएवढी), गालिचा आहे की नाही, आणि फोटो काढायचा तर वाटेवरच बसून कॅमेरा खाली धरला की झालं, आत जावं लागत नाही. ही शेवटची युक्ती शंभर उपदेशांच्या तोडीची आहे. माणसाला हवं ते मिळतं आणि पठाराचं काही जात नाही. समितीच्या मार्गदर्शकांपैकी काहीजण हे करतात. "इथं बसा, मी काढतो," म्हणत पर्यटकाचाच मोबाइल घेतात आणि फुलांच्या मधोमध उभं असल्यासारखा फोटो वाटेवरूनच काढून देतात.

भिंग हीदेखील अशीच स्वस्त गोष्ट. एक साधं भिंग हातात दिलं की दवबिंदूच्या पानावर अडकलेलं चिलट दिसतं, आणि ते एकदा दिसलं की पोरं दहा मिनिटं जागची हलत नाहीत. रंगाचा गालिचा शोधणारा माणूस भटकतो. एका चौरस फुटात काय काय आहे ते शोधणारा बसून राहतो. कुमुदिनी तलावाकडे जाणारा जुना राजमार्ग यासाठी अगदी उत्तम : वाट शतकानुशतकं मळलेली, दगड आधीच उघडा, आणि चालत जावं लागत असल्याने गर्दी आपोआप विरळ.

पठाराच्या हद्दीबाहेरचं सगळं मी इथे सोडून दिलंय. सातारा-कास रस्त्यावर वाढत चाललेली हॉटेलं, रात्रीचे दिवे, सांडपाणी, हे वेगळ्या लेखाचं काम आहे. एवढंच म्हणतो की कासला जागा मिळाली नाही की गाड्या घरी जात नाहीत, शेजारच्या पठारांवर जातात. जिथे समिती नाही, वाटा आखलेल्या नाहीत आणि हटकायला मावशीही नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिकिटाची खिडकी बंद होते, राखण संपते, मार्गदर्शक आपापल्या शेतावर परततात. पुढचे महिने कातळ रिकामा दिसतो, म्हणून त्याच्यावर गाडी घालताना कुणाला काही वाटत नाही. "इथे काय आहे? नुसता दगड." त्या भेगांत बी पडलेलं असतं, चिखल सुकून कडक झालेल्या खळग्यात वायतुऱ्याचा कंद झोपलेला असतो. मला एकच पाटी लावायची मुभा मिळाली तर ती मी मे महिन्यात लावीन, गाडी वळते त्या कोपऱ्यावर : "फुलं इथेच आहेत. तुम्ही त्यांच्यावर उभे आहात."